शनवारचा बंद घाणा

शाळेत मला ‘शनवार तेली’ म्हणून चिडवीत. अलिबागच्या इस्राएल आळीतून मी मुंबईला शिकायला आलो तेव्हाची ही गोष्ट. वडील साधे कारकून. आमच्या घरात तीन पिढ्यांत कुणी घाण्याला हात लावला नव्हता. तरी ते नाव कोठून तरी माझ्यामागे आलेच. मी इतका शरमलो की कुणी जात-धर्म विचारला तर विषय बदलू लागलो. आडनावाने मला साथ दिली. आम्हां बेने इस्राएलांची आडनावे किहीमकर, पेणकर, दिवेकर अशी, गावावरून पडलेली. कुणाला शंका येण्याचे कारणच नव्हते!

सुट्टीत माझा हा पराक्रम आजीच्या कानावर गेला. ती विळीवर खोबरे खवीत होती. मान वर न करता ती म्हणाली,

“अरे, तेलाचे घाणे पुष्कळांचे होते. पण शनवारी बैल उभा राहायचा तो फक्त आपला. हातावर पोट असताना सातांतला एक दिवस सोडायला काय लागतं, ठाऊक आहे तुला? हे नाव त्या सोडलेल्या दिवसानं मिळवून दिलंय. आणि तू ते लपवतोस?”

मी निरुत्तर झालो. पण त्या दिवसापासून घराकडे निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आमच्यात परंपरेने सांगतात, की पूर्वजांचे गलबत नवगावजवळ फुटले आणि सात पुरुष व सात बायका तेवढ्या वाचल्या. पोथ्या गेल्या, पुढे भाषाही गेली. उरले काय? शनिवारचा विसावा, मुलाची सुंता आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. शिवाय स्वयंपाकघर! खवले नसलेली मासळी आमच्याकडे वर्ज्य. कोळीण दारात पाटी उतरवी, ती कोळंबी बाजूला सारूनच. आमचा धर्म तिलाही पाठ होता!

आणि सणांची नावे तर पाहा. उपासाच्या मोठ्या दिवसाला आमच्या जुन्या माणसांनी ‘दारफळणीचा सण’ म्हटले, कारण त्या दिवशी दारे लावून घरात बसायचे. नववर्ष म्हणजे ‘नव्याचा सण’, शिवाय एक ‘खिरीचा सण’. हिब्रू विसरलेल्या माणसांनी आपला देव मराठीत सांभाळला, तो असा. मुंबईतले आमचे पहिले प्रार्थनामंदिर १७९६ साली उभे राहिले; त्याच्या कितीतरी आधीपासून ही मंदिरे चुलीपाशी चालू होती.

१९४८ नंतर आमचे लोक इस्राएलला जाऊ लागले. तिथेही परीक्षा चुकली नाही. हे खरे यहुदी का, असा वाद माजला. लोकांनी आंदोलन केले, तेव्हा १९६४ साली तिथल्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. गंमत पाहा, इथे आम्ही ‘तेली’, तिथे आम्ही ‘होदी’, म्हणजे हिंदी!

१९९४ साली मी दिमोना गावी चुलतबहिणीकडे गेलो. वाळवंटातले गाव; पण तिच्या घरात पाऊल टाकले आणि वेलचीचा वास आला. मुलगा दुखण्यातून उठला म्हणून तिने मलिद्याचा नवस केला होता. भिजवलेले पोहे, गूळ, ओले खोबरे, भोवती फळे मांडलेली. एलियाहू हन्नाबीचे नाव घेऊन प्रार्थना झाली. विळी मात्र आजीचीच होती, बोटीतून आणलेली.

ताटाकडे बोट दाखवून मुलाने हिब्रूत काहीतरी विचारले. बहीण हसली. “विचारतोय, हे इथलं की तिथलं?”

माझ्या डोळ्यांपुढे तो उभा राहिलेला बैल आला. मी म्हणालो,

“त्याला सांग, हे शनवार तेल्यांचं आहे.”

आयुष्यात प्रथमच ते नाव मी आपण होऊन उच्चारले होते.