‘टर्न ऑफ फूट’ : एका वाक्प्रचाराची ओळख

इंग्रजी वृत्तपत्राच्या क्रीडापृष्ठावर ‘टर्न ऑफ फूट’ हा शब्दप्रयोग अधूनमधून भेटतो. शब्दाला शब्द लावून पाहिल्यास ‘पायाचे वळण’ असा अर्थ हाती येतो. खेळाडूचा पाय मुरगळला की काय, असाही समज होतो. वस्तुतः हा गौरवाचा शब्द आहे. धावता धावता एकाएकी वेग वाढविण्याचे सामर्थ्य, हा त्याचा अर्थ होय.

हा प्रयोग घोड्यांच्या शर्यतीतून आला. मुंबईच्या महालक्ष्मी मैदानावरील ‘इंडियन डर्बी’ ही शर्यत 2,400 मीटरची असते. एवढे अंतर कोणताही घोडा आरंभापासून पूर्ण वेगाने कापू शकत नाही. म्हणून अनेक कुशल जॉकी लगाम आवरून घोडा इतरांच्या मागे ठेवतात. पुढच्या घोड्यांच्या आडोशाने वाऱ्याचा विरोध कमी होतो व दम राखला जातो. अखेरचे दोन-तीन फर्लांग उरले की लगाम सैल होतो. एक फर्लांग म्हणजे सुमारे 201 मीटर. त्या वेळी जो घोडा काही ढांगांतच मुसंडी मारतो, त्याच्या अंगी चांगला ‘टर्न ऑफ फूट’ आहे, असे म्हणतात. यामागे स्नायूंचे कारण आहे. झटपट आकुंचन पावणारे स्नायुतंतू मोठे बळ देतात, परंतु लवकर थकतात. म्हणून ते बळ योग्य क्षणापर्यंत जपावे लागते.

येथे बळ आणि चपळाई यांतील भेद ध्यानात घ्यावा. बोरघाट चढण्यासाठी कर्जत स्थानकात अनेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडतात. ती गाडी नेटाने वर रेटतात. ते बळ झाले. त्याला हा शब्द लागू पडत नाही. चेंडू मिळताच दोघांना मागे टाकणारा फुटबॉलपटू किंवा क्षणात वेग घेणारी मोटार यांना मात्र तो शोभतो. मराठीत प्रसंगानुसार ‘मुसंडी मारणे’ किंवा ‘एकदम वेग घेणे’ असे म्हणता येईल. ‘चौखूर उधळणे’ मात्र चालणार नाही. कारण उधळलेल्या घोड्यावर कोणाचा ताबा नसतो, आणि येथे तर ताबाच महत्त्वाचा आहे.

निवासी शाळांतून शिकणारी कित्येक मुले घरातील पहिलीच इंग्रजी वाचणारी असतात. असा एखादा शब्द अडला की ती स्वतःच्या बुद्धीला दोष देतात, आणि काही जण इंग्रजीचा नादच सोडतात. उणीव बुद्धीची नसते. त्या शब्दामागचे जग त्यांना कोणी दाखविलेले नसते. तसे पाहिल्यास हे जग आपल्यापासून दूरही नाही. कर्जत तालुक्यातच माथेरान आहे. तेथील तांबड्या वाटांवरून आजही घोडे चालतात आणि ऑलिंपिया मैदानावर त्यांच्या शर्यतीही होत आल्या आहेत. टाच लागताच कोणता घोडा उसळी घेतो आणि कोणता रेंगाळतो, हे तेथल्या घोडेवाल्याच्या मुलाला पुस्तकाविना ठाऊक असते. अर्थ त्याच्यापाशी आधीच आहे. त्याला केवळ इंग्रजी नाव सांगायचे आहे.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना एक विनंती आहे. मुलाला इंग्रजी वाक्प्रचार अडला, तर केवळ प्रतिशब्द देऊन थांबू नये. तो कोणत्या कामातून, कोणत्या खेळातून आला, हे त्याच्यासह शोधावे, आणि त्यासारखे आपल्या परिसरात काय आहे, हे त्यालाच सांगू द्यावे.