जुन्या दुनळीचा घोडा

आमच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं वडिलार्जित दुनळी बंदूक आहे. रानडुकरांचा कळप हाकण्यापुरती ती खुंटीवरून निघते. एरवीं तिच्याकडे कोणी पाहत नाहीं. आमचीही तशीच होती. चाप जड लागतो म्हणून आम्हीं ती एका कारागिराकडून आंतून घांसून घेतली. त्याच हंगामांत, घोडा चढविलेला असतां, दस्ता बांधास टेंकला मात्र आणि उजवी नळी उडाली. छरे गड्याच्या पायापासून दोन हातांवर मातींत शिरले. चापास कोणाचें बोट लागलें नव्हतें.

याचें कारण पुढें एका परवानाधारक बंदूक दुरुस्त करणारानें उघडून दाखविलें. घोड्याच्या आंसावरच आंत एक खाचांची चकती असते. घोडा मागें ओढला म्हणजे एका लहान अडकणीचें टोंक त्या खाचेंत बसतें, व मोठ्या कमानीचा सारा जोर तेवढ्या टोंकावर तोलला जातो. चाप ओढिला कीं तें निसटतें. ही खाच वरच्या पातळ थरापुरतीच कठीण केलेली असते. कानशीनें तो थर गेला म्हणजे खालची मऊ धातु लवकर झिजते, आणि घोडा नुसत्या धक्क्यानें सुटतो.

यास्तव घोडा धरीत नाहीं असें वाटतांच प्रथम बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची डोळ्यांनीं खात्री करावी. नंतर एकेक घोडा पुरा चढवून, चापास न शिवतां, अंगठ्यानें पुढें रेटून पहावा. अर्धा चढवूनही तसेंच करावें. निसटल्यास काडतूस घालूं नये. दोष पुष्कळदां साधा असतो. जुनें तेल चिकट होऊन अडकण खाचेंत पुरी बसत नाहीं. पावसाळ्यांत दस्त्याचें लांकूड फुगून आंतील भागांस दाबतें. अशी बंदूक दिवाळीनंतर आपोआप सुधारते व मालक फसतो. ही खोड आम्हांस सर्वांत लबाड वाटते. घोडा मंद पडून काडतूस फुकट जात असल्यास बहुधा तेल चिकटलें आहे किंवा कमान थकली आहे.

कित्येक बंदुकींत घोडा आपटून किंचित् मागें सरतो. स्टँटन याच्या १८६७ च्या पेटंटानंतर ही युक्ति इंग्लंडांत पसरली. तो न सरल्यास काडतुसावर आदळणारी खीळ पुढेंच राहते, व बंदूक मिटतांनाच बार होण्याचें भय असतें.

शस्त्र अधिनियम, १९५९ प्रमाणें बंदुकीच्या दुरुस्तीस परवाना लागतो. गांवच्या लोहारास त्यांत गोंवूं नये. बंदूक देतांना तिचा क्रमांक लिहिलेली पावती अवश्य घ्यावी (दप्तरांत जन्म गेल्यामुळें आम्हांस हें सांगितल्यावांचून राहवत नाहीं). आमच्या बंदुकीस चकतीच नवी घडवावी लागली. तिचा चाप पुनः पूर्वीइतकाच जड झाला आहे.