पक्क्या बटणांचा फोन

ब्लॅकबेरीच्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक लाल दिवा असे. ईमेल आली की तो लुकलुकायचा, आणि समोर कितीही मोठा माणूस बसलेला असो, फोनवाल्याचा हात आपोआप खिशाकडे जायचा. २०१० च्या आसपास सोलापुरात हा फोन बँकेचे अधिकारी, सीए, परदेशी टॉवेल पाठवणारे कारखानदार अशांच्या हातात दिसे. भवानी पेठेतल्या यंत्रमागांच्या गल्ल्यांत तो मोजक्याच लोकांकडे होता. पण ज्याच्याकडे होता, त्याचा धंदा बरा चालला आहे हे कोणाला वेगळं सांगावं लागत नसे. पुढच्या सात-आठ वर्षांत त्याच गल्ल्यांत जवळजवळ प्रत्येकाच्या हातात स्मार्टफोन आला आणि त्यातला एकही ब्लॅकबेरी नव्हता.

हे असं का झालं, याची एक गोष्ट कॅनडात घडली. ती बऱ्याच जणांनी लिहिली आहे. दुसरी आपल्याकडे घडली, आणि तिच्याकडे फारसं कोणाचं लक्ष गेलेलं नाही.

माइक लाझारिडिस आणि डग्लस फ्रेगिन या दोन मित्रांनी १९८४ मध्ये कॅनडातल्या वॉटर्लू शहरात रिसर्च इन मोशन ही कंपनी काढली. १९९२ मध्ये जिम बाल्सिली आला आणि धंद्याची बाजू त्याने अंगावर घेतली. १९९९ मध्ये ब्लॅकबेरी या नावाने कंपनीचं यंत्र बाजारात आलं, ते फोन नव्हतंच. साध्या पेन्सिल सेलवर चालणारा, ईमेल दाखवणारा पेजर होता तो. बोलायची सोय आली २००२ मध्ये, ५८१० या मॉडेलात, आणि तीही कानाला वायर लावूनच.

त्या यंत्राची खरी ताकद कंपनीच्या स्वतःच्या जाळ्यात होती. ईमेल थेट फोनवर येत नसे. आधी ती कंपनीच्या केंद्रात जाई, तिथे आवळून लहान केली जाई आणि मग फोनकडे ढकलली जाई. त्यामुळे मोबाइलची रेंज अशक्त असली, इंटरनेट रांगत असलं, तरी मेल पोहोचायची. बॅटरीही कमी खर्च व्हायची. ११ सप्टेंबर २००१ ला न्यूयॉर्कमध्ये फोनच्या लाइनी तुंबल्या तेव्हा ब्लॅकबेरीवरचे संदेश जात होते. अमेरिकी सरकारने आणि मोठ्या कंपन्यांनी हे यंत्र जवळ केलं त्यामागे हा अनुभव मोठा होता. २००९ मध्ये बराक ओबामा राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा सुरक्षा अधिकाऱ्यांची नाराजी असूनही त्यांनी आपला ब्लॅकबेरी सोडला नाही.

दुसरी ताकद बटणांत होती. कर्व्ह किंवा बोल्डचं जुनं मॉडेल कुठे मिळालं तर हातात घेऊन पाहा. प्रत्येक बटणाला किंचित उतार आहे, म्हणून अंगठा न बघताही योग्य अक्षरावर पडतो. बोल्डमध्ये बटणांच्या ओळींच्या मध्ये धातूच्या बारीक पट्ट्या बसवलेल्या असत, म्हणजे अंगठ्याला एक ओळ कुठे संपली ते कळे. स्पेस दोनदा दाबली की पूर्णविराम पडून पुढचं अक्षर आपोआप मोठं व्हायचं. अक्षर थोडं दाबून धरलं की तेच कॅपिटल. ईमेलचा पत्ता लिहिताना स्पेस दाबली की आधी ॲटचं चिन्ह आणि मग टिंब. अशा बारकाव्यांमागे माणसाच्या अंगठ्याचा वर्षानुवर्षांचा अभ्यास होता. इतकी कळकळ ओतलेली यंत्रं फार थोडी असतात, आणि म्हणून त्याच्या पडझडीबद्दल लिहिताना मला हळहळ वाटते.

भारतात हा फोन २००४ मध्ये एअरटेलबरोबर आला आणि पहिली काही वर्षं साहेबांचाच राहिला. २००९ मध्ये कर्व्ह ८५२० आला, किंमत सोळा हजारांच्या आसपास. आधीच्या मॉडेलांत मधोमध एक छोटी गोळी फिरायची. तिच्यात धूळ बसली की ती अडायची आणि रिपेअरवाल्याकडे जावं लागायचं. ८५२० मध्ये गोळी गेली, त्या जागी बोट सरकवायची सपाट काळी पट्टी आली. कॅमेरा दोन मेगापिक्सेलचा, थ्रीजी नाही. फोन अडकला की मागचं झाकण उघडून बॅटरी काढायची, पुन्हा घालायची आणि तो सुरू होईपर्यंत चहा घ्यायचा. तरीही कॉलेजच्या मुलांनी तो घेतला, कारण त्यात बीबीएम, म्हणजे ब्लॅकबेरी मेसेंजर होतं. पिन नावाचा आठ अक्षरी क्रमांक द्यायचा की गप्पा सुरू. संदेश पोहोचला की डी उमटे, वाचला की आर. व्होडाफोनने २०१० मध्ये सूटबूटवाल्यांच्या गाण्यात तरुण पोरापोरींना घुसवून जाहिरात केली, ती याच बदलाची.

आता मागे वळून पाहिलं तर आपल्यासारख्या देशांतल्या या गिऱ्हाइकांनीच कंपनीला गाफील ठेवलं, असं माझं मत आहे. आयफोन जानेवारी २००७ मध्ये जाहीर झाला, पहिला अँड्रॉइड फोन २००८ मध्ये आला, आणि तरीही ब्लॅकबेरीचा धंदा वाढतच होता. २०११ मध्ये संपलेल्या आर्थिक वर्षात कंपनीची उलाढाल जवळजवळ वीस अब्ज डॉलरवर गेली. २०१२ मध्ये जगभर सुमारे आठ कोटी लोक हा फोन वापरत होते. अमेरिकेत पाया खचत होता, पण भारत आणि इंडोनेशियासारख्या ठिकाणी नवी गिऱ्हाइकं येत होती. आकडे चांगले दिसत असताना पायाखाली कोण बघतं? मधल्या काळात घाईने काचेचा स्टॉर्म काढून पाहिला (२००८), पण संपूर्ण पडदाच बटणासारखा दाबायची ती कल्पना लोकांना जाचक वाटली.

त्यात भारतातली दोन प्रकरणं. मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर सरकारचा आग्रह वाढला की ब्लॅकबेरीवरचे संदेश तपास यंत्रणांना वाचता आले पाहिजेत. कंपन्यांच्या ईमेलची किल्ली आमच्याकडे नसतेच, असं उत्पादकाचं म्हणणं. ऑगस्ट २०१० मध्ये गृहमंत्रालयाने ३१ तारखेची मुदत घातली, मग ती वाढवली, आणि अखेर २०१२ मध्ये मुंबईत कंपनीने सर्व्हर बसवला. दुसरं प्रकरण ऑक्टोबर २०११ चं. इंग्लंडमधल्या एका केंद्रात बिघाड झाला आणि युरोप, आखात, आफ्रिका, भारत इथले ब्लॅकबेरी तीन दिवस मुके झाले. सगळं टपाल एकाच मोठ्या कार्यालयातून जात असल्याचा हा तोटा. ज्या भरवशावर नाव कमावलं होतं, त्यालाच तडा गेला.

आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्जने स्पर्धकांचे फोन पडद्यावर मांडून एकच मुद्दा धरला होता: खालचा सगळा भाग बटणांनी अडवलाय, आणि ती बटणं तुम्हाला हवी असोत वा नसोत, प्लॅस्टिकमध्ये पक्की बसलेली आहेत. इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा मुद्दा सोयीचा किंवा गैरसोयीचा वाटेल. सोलापुरात राहणाऱ्याला तो वेगळाच कळतो.

भवानी पेठेत चादर विणणाऱ्याला जेकार्ड समजावून सांगायला नको. माग तोच, सूत तेच. वर चढवलेली भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ बदलली की मोराच्या जागी वेल उमटते. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन मिळालं ते या नक्षीकामाच्या जोरावर. काचेच्या पडद्यावरचा कीबोर्ड असाच आहे. फोन तोच, अक्षरं बदलता येतात. ब्लॅकबेरीच्या बटणांवर रोमन लिपी छापलेली होती आणि ती तशीच राहणार होती.

या पेठेत पद्मशाली घरांत तेलुगू बोलतात, बाजारात मराठी, अक्कलकोटकडून आलेल्या माणसाशी कन्नड, शेजारच्या मोहल्ल्यात उर्दू किंवा दख्खनी. ज्यांच्यासाठी ब्लॅकबेरी घडवला गेला, त्यांचा दिवस इंग्रजी ईमेलमध्ये जात होता. इथल्या दिवसाला चार लिप्या लागतात. अर्थात काचेचे फोन आले आणि लगेच मराठी आली असं नाही. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर देवनागरीच्या जागी नुसते चौकोनी डबे दिसत. तेव्हा मराठी माणूस ‘tu kuthe aahes’ ऐवजी फोनच करणं पसंत करी. रस्ता हळूहळू मोकळा झाला, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा आहे. आयआयटी मुंबईच्या आयडीसी या अभिकल्प विभागात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ च्या सुमारास ‘स्वरचक्र’ हा कीबोर्ड अँड्रॉइडवर आणला. व्यंजनं वर्णमालेच्या क्रमाने मांडलेली. ‘क’वर बोट टेकवलं की भोवती चक्र उघडतं: का, कि, की, कु. बोट हव्या त्या दिशेला सरकवायचं आणि उचलायचं. इंग्रजी कीबोर्ड कधी न शिकलेल्या माणसाला शाळेतली बाराखडी पुरेशी होती. पुढे गूगलचाही भारतीय भाषांचा कीबोर्ड आला आणि बोलून टाइप करण्याची सोयही झाली. हे सगळं वरून उतरवून घेता येत होतं, कारण फोनवर कोणतंही अक्षर छापलेलं नव्हतं.

वॉटर्लूच्या कंपनीचा ऱ्हास मराठीमुळे झाला असा माझा दावा नाही. तो ॲप बनवणाऱ्यांनी पाठ फिरवल्याने, ब्राउझर मागे पडल्याने आणि निर्णय उशिरा घेतल्याने झाला. पण सोलापूरसारख्या गावाचा बाजार तिच्या हाती कधीच का आला नाही, याचं उत्तर मला त्या पक्क्या बटणांत दिसतं.

आणि किमतीत. आणि बीबीएमच्या कुंपणात. चादरीच्या व्यापाऱ्याला नव्या नमुन्याचा फोटो हैदराबादच्या किंवा विजयवाड्याच्या ठोक दुकानदाराला पाठवायचा असेल तर बीबीएमवर समोरच्याकडेही ब्लॅकबेरीच हवा. २००९ मध्ये निघालेल्या व्हॉट्सॲपला समोरच्याचा फोन कुठला याच्याशी घेणंदेणं नव्हतं. मोबाइल नंबर पुरे. पाच-सहा हजारांत मायक्रोमॅक्स, कार्बन असे अँड्रॉइड फोन मिळू लागले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, आणि व्यापाराचं बोलणं तिकडे गेलं. बीबीएम इतर फोनांसाठी खुलं झालं ते ऑक्टोबर २०१३ मध्ये. तोवर कोणाला त्याची गरज उरली नव्हती.

शेवटचे प्रयत्न थोडक्यात. जानेवारी २०१२ मध्ये लाझारिडिस आणि बाल्सिली प्रमुखपदावरून उतरले. २०१३ मध्ये नवी ब्लॅकबेरी १० प्रणाली आणि काचेचा झेड१० आला. भारतातली किंमत ४३,४९० रुपये! त्याच वर्षी न खपलेल्या फोनांपोटी कंपनीने जवळजवळ एक अब्ज डॉलरचा तोटा दाखवला आणि साडेचार हजार माणसं कमी करायचं ठरवलं. २०१५ मध्ये तिने स्वतःच अँड्रॉइड स्वीकारला, २०१६ मध्ये फोन बनवणं थांबवलं, आणि नाव दुसऱ्यांना वापरायला दिलं; भारतात ते ऑप्टिमस या कंपनीकडे गेलं. ४ जानेवारी २०२२ ला जुन्या प्रणालीच्या सेवा बंद झाल्या. कंपनी जिवंत आहे. २०१० मध्ये घेतलेली तिची क्यूएनएक्स ही प्रणाली आज जगभरच्या २५ कोटींहून जास्त गाड्यांत चालते, आणि २०२३ मध्ये तिने त्यासाठी हैदराबादला अभियांत्रिकी केंद्र उघडलं.

या स्पर्धेत नोकियाचं सिम्बियन गेलं, मायक्रोसॉफ्टचा विंडोज फोन गेला, दोन हजारांत मिळणारा फायरफॉक्सचा फोनही गेला. जिओफोनमधलं कायओएस काही काळ टिकलं. उरले दोघे, आयफोन आणि अँड्रॉइड; भवानी पेठेपुरतं म्हणायचं तर एकच. कारखानदाराचे हिशेब, कामगारांची मजुरी, नमुन्यांचे फोटो, मुलांच्या शाळेचे निरोप, सगळं अँड्रॉइडवर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने अँड्रॉइडमधल्या वर्चस्वाचा गैरवापर केल्याबद्दल गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, आणि अपिलात तो कायम राहिला. आक्षेपांपैकी एक असा की फोन बनवणाऱ्याला गूगलची ॲप एकगठ्ठा भरूनच द्यावी लागत. हा आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. स्वरचक्र हवं असेल तर ते शोधून उतरवून घ्यावं लागतं. गूगलचा कीबोर्ड बहुतेक फोनांत आधीच भरून येतो. चांगलं काय, हे ठरण्याआधीच आयतं काय, हे ठरून जातं. आयोगाच्या आदेशानंतर जानेवारी २०२३ मध्ये गूगलने जाहीर केलं की भारतात फोन बनवणाऱ्यांना हवी ती ॲप सुटी घेता येतील. आता एखाद्या कंपनीने मराठीसाठी, तेलुगूसाठी वेगळा कीबोर्ड आधीच भरून फोन विकायचं ठरवलं तर तिला कोणी अडवायला नको. सोलापुरात त्याला गिऱ्हाईक आहे.