शाळा मुलापर्यंत कशी पोहोचेल?



आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी मदत मागितली की मंडळीत एक प्रश्न हमखास निघतो. आता गावोगावी सरकारी शाळा आहेत. शिक्षण मोफत आहे, पुस्तके मिळतात, दुपारचे जेवणही मिळते. मग ही मुले मागे का राहतात? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर नीट समजून घेतले, तर आपली मदत कोठे लागली पाहिजे हेही कळते.

प्रथम अंतर किती आहे ते पाहू. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता सुमारे ८२ टक्के होती. राज्यातील अनुसूचित जमातींची मात्र सुमारे ६६ टक्के. हा प्रश्न आपल्यापुरता नाही. २००० साली संयुक्त राष्ट्रांनी प्रत्येक मुलाला प्राथमिक शिक्षण मिळावे असे ध्येय ठेवले व त्यासाठी २०१५ ची मुदत घातली. ते पूर्ण झाले नाही. २०१५ मध्ये ठरलेल्या १७ ध्येयांपैकी चौथे पुन्हा शिक्षणाचेच आहे. या वेळी मात्र केवळ शाळेत नाव घालण्यावर भर नाही. मूल खरोखर शिकते का, आणि गरीब, मुली, आदिवासी यांना समान संधी मिळते का, हेही पाहायचे ठरले. कारण शाळेची इमारत उभी राहिली म्हणून विषमता मिटत नाही, हा अनुभव अनेक देशांना आला आहे.

पहिली अडचण : भाषा

मेळघाटातील कोरकू मूल घरी पाण्याला ‘डा’ म्हणते. गडचिरोलीतील गोंड मूल ‘येर’ म्हणते. गोंडी ही द्राविडी कुळातील, तर कोरकू ही मुंडा गटातील भाषा. मराठीशी दोन्हींचे नाते नाही. असे मूल सहाव्या वर्षी पहिलीत बसते, तेव्हा गुरुजींचे बोलणेच त्याला परके असते. ते गप्प राहते आणि मंद ठरवले जाते. शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, असे शिक्षण हक्क कायदा सांगतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही तेच सांगते. पण त्यासाठी मुलाची भाषा जाणणारे शिक्षक आणि त्या भाषेतील पुस्तके लागतात, आणि ती फार थोडी आहेत.

दुसरी अडचण : स्थलांतर

दिवाळी झाली की रायगड, ठाणे, पालघरमधील कातकरी कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. नंदुरबारकडील कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत उतरतात. बहुतेकांनी मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते. ती अंगमेहनतीने फेडावी लागते. आईबाप कामावर असताना धाकट्या भावंडाला मोठी बहीण सांभाळते. कुटुंब परत येईपर्यंत शाळेचे वर्ष संपत आलेले असते. हजेरीपटावर नाव राहते, शिकणे मात्र तुटते. मुलांना गावीच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ती वेळेवर, दिवाळीपूर्वी, सुरू झाली तरच उपयोगी पडते.

तिसरी अडचण : आठवीनंतर

शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वर्षांपर्यंतच आहे. पाड्यावरची शाळा अनेकदा चौथी-पाचवीपर्यंत असते आणि हायस्कूल दूर असते. एस.टी. वेळेवर नसली की पहिल्यांदा मुलीचे जाणे बंद होते. पुढे शिष्यवृत्ती व सरकारी वसतिगृहासाठी जातीचा दाखला लागतो. त्यासाठी १९५० पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. ज्या कुटुंबाच्या नावावर कधी जमीन नव्हती आणि ज्यातले कोणी पूर्वी शाळेत गेले नाही, त्याने तो कोठून आणावा?

या तिन्ही अडचणींत एक गोष्ट समान आहे. शाळा जागच्या जागी उभी असते आणि तिच्यापर्यंतचे सगळे अंतर मुलानेच कापावे अशी अपेक्षा असते.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी हे उलटे केले. १९४५ साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे काम १९५७ मध्ये डहाणू तालुक्यातील कोसबाडला गेले. तेथील वारली मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळेत येत नसत. तेव्हा शिक्षकच कुरणावर गेले. गुरे चरत आणि मुले शिकत. त्या शाळेला ‘कुरणशाळा’ नाव पडले. हरवलेल्या मेंढराचा दाखला आपण लहानपणापासून ऐकला आहे. मेंढराने परत यावे म्हणून मेंढपाळ वाट पाहत बसत नाही, तो शोधायला निघतो.

हा न्यायाचाही प्रश्न आहे. स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकलेल्या महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे हाच मुद्दा मांडला होता : सरकारी तिजोरी रयतेच्या श्रमावर भरते, पण शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे, अशी मागणी त्यांनी केली. आजही आपण राहतो त्या घराच्या विटा आणि चहातली साखर ज्यांच्या हातून येते, त्यांचीच मुले वर्गाबाहेर आहेत. म्हणून आपली मदत हे उपकार नव्हेत. ते देणे आहे.

आपण काय करू शकतो?

वह्या-दप्तरांचे वाटप चांगले आहे, पण तेवढ्यावर थांबू नये. मुलांची भाषा बोलणाऱ्या स्थानिक तरुण-तरुणीला बालवाडीसाठी मानधन देता येईल. नववी-दहावीच्या मुलीचा प्रवास किंवा वसतिगृहाचा खर्च एखादे महिला मंडळ उचलू शकेल. कचेरीच्या कामाचा अनुभव असलेल्या निवृत्त सभासदांनी दाखल्यांची कागदपत्रे जमवायला साहाय्य करावे. आणि एक वर्ष देऊन थांबू नये. पहिलीतले मूल दहावीला पोहोचायला दहा वर्षे लागतात.

प्रार्थनेसाठी विषय : दिवाळीनंतर स्थलांतर करणारी कुटुंबे व त्यांची मुले, दुर्गम पाड्यांवर निष्ठेने शिकवणारे शिक्षक, आठवीनंतर शिकू इच्छिणाऱ्या मुली आणि त्यांना पाठवण्याचे धैर्य करणारे आईवडील.