माळाचे गवत आणि माळाचे किडे

वैशाखातल्या दुपारी पुण्याहून सोलापूरकडे निघालेल्या प्रवाशाला भिगवण-इंदापूरच्या बाजूला ठिकठिकाणी माळ लागतो. पिवळे पडलेले गवत, मधूनमधून मुरमाचे टक्कल, कोठे एखादी बोर अगर बाभूळ. प्रवासी 'काय हे उजाड!' म्हणतो आणि डोळे मिटून घेतो. दप्तरातही अशा जमिनीला पुष्कळदा 'पडीक' हाच शेरा मिळतो. या पडीक म्हटल्या जाणाऱ्या जमिनीवर कोण राहते आणि त्यांचे राहणे गवताच्या उंचीवर व दाटीवर कसे ठरते, एवढेच आज मला सांगावयाचे आहे. शेरा चुकला की उपायही चुकतो, म्हणून हे सांगणे अगत्याचे वाटते.

प्रथम उन्हाचा हिशेब पाहू. उन्हाळ्यात हवेचे तापमान ४० अंश सेल्सियस असते तेव्हा उघड्या, कोरड्या मातीचा पृष्ठभाग ६० अंशांपर्यंतही तापू शकतो. गवताच्या थोंबाखाली, अवघ्या वीतभर अंतरावर, तीच माती कितीतरी थंड असते. आपल्याला वीतभर म्हणजे काहीच नव्हे. पण मुंगीला ती एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्याइतकी वाट आहे. किड्याच्या शरीराची ऊब बहुतांशी भोवतालावर अवलंबून असते. सकाळी त्याला अंग तापवावयास ऊन हवे, दुपारी जीव वाचवावयास सावली हवी. म्हणून गवत हे त्याचे केवळ अन्न नव्हे, ते त्याचे छप्परही आहे.

मग गवत जितके दाट तितके किड्यांना बरे, असे म्हणावे काय? तसे नाही. नाकतोड्याचे उदाहरण घ्या. मादी पोटाचे टोक मातीत खुपसून फेसाच्या वेष्टनात अंडी घालते. पुष्कळ जातींच्या माद्या त्यासाठी उघडी माती शोधतात. मुळांची दाट वीण झालेल्या जागी भोक पाडणे अवघड जाते. अंडी फुटली की पिलांना मात्र कोवळे पान हवे आणि आडोसाही हवा. दख्खनच्या ज्वारीवर पडणारा एक बिनपंखी नाकतोडा आहे. म्हैसूर संस्थानात काम केलेले कीटकशास्त्रज्ञ लेस्ली कोलमन यांच्या नावावरून त्याला 'कोलेमॅनिया' म्हणतात. वर्षातून त्याची एकच पिढी होते. त्याची अंडी हिवाळा-उन्हाळा मातीत काढतात आणि पहिल्या पावसाबरोबर फुटतात. त्याला उडता येत नाही. तेव्हा उघडी माती, कोवळे पान आणि सावली ही तिन्ही त्याला जवळजवळच मिळाली पाहिजेत.

माळावरील इतर बिऱ्हाडेही अशीच वाटलेली आहेत. गवताचे बी वेचणाऱ्या मुंग्यांची वारुळे मोकळ्या जागी दिसतात, आणि त्यांच्या तोंडाशी फोलपटांचे कडे पडलेले असते. भुसभुशीत मातीत नरसाळ्यासारखा खड्डा करून तळाशी दबा धरणारी एक अळी असते. तिलाही मोकळी मातीच लागते. उलट तुडतुडे आणि प्रार्थनाकीटक गवताच्या काड्यांतच वावरतात. वाळलेल्या गवताचा वाली म्हणजे वाळवी. ती गवतावर मातीचा पापुद्रा चढवते, आतल्या आत काड्या कुरतडते आणि वारुळाच्या पोटात त्यांवर बुरशीचे मळे पिकवते. गुराने शेण टाकले की शेणकिडे हजर होतात व ते जमिनीत पुरतात. गवत आपले परागीकरण वाऱ्याकडून करून घेते. त्यामुळे मधमाशा आणि फुलपाखरे यांचे पोट भरते ते गवतामधल्या फटींत उगवणाऱ्या लहान फुलझाडांवर. गवताने सगळ्या फटी बुजवल्या तर ही फुले गुदमरतात.

आता या व्यवस्थेत आपला हात कसा पडतो ते पाहू. दाबडघाव आणि शंकरनारायण या दोन अभ्यासकांनी १९७३ साली भारतातील गवताळ भूमींचे पाच प्रकार सांगितले. आपल्या पठाराचा माळ त्यांतल्या शेडा आणि मारवेल या गवतांच्या प्रकारात येतो. अशा माळावर बारमाही गुरे चरली की ही चवदार गवते आधी मागे हटतात आणि कुसळी पुढे सरसावते. चराई तरीही थांबली नाही, तर शेवटी मुरूमच उरतो. गवत बदलले की त्यावर जगणारे किडेही बदलतात.

गवत कमी झाले म्हणजे किडेही कमी होतील आणि शेतकऱ्याचा त्रास वाचेल, असे कोणास वाटेल. याचे उत्तर चीनच्या अंतर्मंगोलियातील कुरणांवर मिळाले. तेथे एरियन सीझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले संशोधन २०१२ साली प्रसिद्ध झाले. अतिचराईमुळे तेथील गवतातील नत्राचे प्रमाण घटले होते, आणि टोळांच्या कुळातील एका जातीला तेच निकस गवत अधिक मानवले. त्यावर ती अधिक चांगली वाढली. कुरण ओरबाडल्याने कीड हटली नाही, उलट फोफावली.

आपल्याकडे एक दुसरी चूकही होते, आणि ती सद्‍हेतूने होते. माळ उजाड दिसतो म्हणून त्यावर खड्डे खणून गिरिपुष्प, सुबाभूळ अशी झाडे ओळीने लावली जातात. झाडे वाढली की त्यांच्या सावलीत उन्हाचे गवत विरळ होते, आणि त्या गवतावरचा नाकतोडा, मुंगी व शेणकिडा यांचे बिऱ्हाड मोडते. हिरवेपणा वाढला असे आपण म्हणतो. पण त्या हिरवेपणाखाली एक जुनी वसाहत उठून गेलेली असते.

आणि किडा गेला तर काय बिघडले? सोलापूरजवळच्या नान्नज येथे माळढोक पक्ष्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले. माळढोक नाकतोडे आणि भुंगे वेचून खातो. पावसाळ्यात किड्यांची चंगळ असते, त्याच सुमारास त्याची वीण होते. आज सगळ्या देशात हे पक्षी दोनशेही उरलेले नाहीत, आणि जे आहेत ते बहुतेक राजस्थानात. शिकार, नांगर, विजेच्या तारा अशी याची अनेक कारणे आहेत. परंतु उरलेल्या पक्ष्याला परत बोलवावयाचे तर त्याचे ताट आधी मांडावे लागेल, आणि ते ताट गवतात आहे.

उपाय फार खर्चाचा नाही. सगळे कुरण एकाच वेळी बंद करू नये, सगळे एकाच वेळी मोकळेही सोडू नये. आळीपाळीने एक भाग राखावा, एक चारावा, एक विळ्याने कापावा. म्हणजे कोठे उंच गवत, कोठे आखूड, कोठे उघडी माती असा गोधडीसारखा माळ तयार होतो. गोधडीत प्रत्येक ठिगळाला काम असते. पुढच्या वेळी त्या रस्त्याने जाल तेव्हा घटकाभर उतरा, गवताच्या एका थोंबापाशी उकिडवे बसा आणि पाहा. 'पडीक' हा शेरा तुमचा तुम्हांलाच खोडावासा वाटेल.