पीककर्जाची मर्यादा वाढवून घ्यायची तर केव्हा आणि कशी?



शिवारात फिरताना हल्ली एक प्रश्न हटकून कानावर येतो. "साहेब, खत महागलं, बेणं महागलं, मजुरी तर विचारूच नका. पण सोसायटीचं कर्ज जिथल्या तिथं. लिमिट वाढवून कधी मिळणार?" प्रश्न रास्त आहे. मात्र तो बहुतेक वेळा जुलै-ऑगस्टात, सरी सोडून झाल्यावर विचारला जातो. तहान लागल्यावर विहीर खोदायला घेतली, तर पाणी लागेपर्यंत लागणीचा हंगाम निघून जातो. म्हणून मर्यादा-वाढीची तयारी केव्हा व कशी करावी, हे या लेखात मांडत आहे.

मर्यादा ठरते कशी?

किसान क्रेडिट कार्ड योजना १९९८ साली सुरू झाली. २०१२ च्या सुधारित पद्धतीप्रमाणे पहिल्या वर्षाची मर्यादा काढताना पिकाचा कर्जदर गुणिले क्षेत्र, त्यावर घरखर्च व काढणीनंतरच्या गरजांसाठी १० टक्के, शेतीच्या साधनांच्या देखभालीसाठी २० टक्के आणि विम्याचा हप्ता धरतात. कर्जदर जिल्हास्तरीय तांत्रिक समिती दरवर्षी ठरवते. तो मॅनेजरच्या किंवा गटसचिवाच्या मर्जीवर नसतो.

उदाहरणादाखल हिशोब करू. समजा, कर्जदर हेक्टरी १,५०,००० रुपये आहे आणि तुमचा ऊस ८० आर, म्हणजे दोन एकर आहे. पिकाचे झाले १,२०,००० रुपये. त्यावर १२,००० आणि २४,००० धरले की १,५६,००० रुपये, शिवाय विमा. पुढे दरवर्षी खर्चवाढीपोटी १० टक्के वाढ धरण्याची तरतूद आहे. सोसायटीमार्फत कर्ज घेणाऱ्यांची मर्यादा कमाल मर्यादा पत्रकावर बसते. तिथे जिल्हा बँकेचे धोरणही पाहावे लागते.

यातून एक गोष्ट ध्यानात येईल. मर्यादा दोनच गोष्टींनी वाढते : कर्जदर आणि नोंदलेले क्षेत्र. कर्जदर आपल्या हातात नाही, नोंद मात्र पूर्णपणे आपल्या हातात आहे.

तीन नोंदी एकसारख्या हव्यात

घोडे अडते ते इथेच. रानात ऊस दोन एकर, कारखान्याकडे नोंद दीड एकराची आणि सातबाऱ्यावर अजून सोयाबीन! अशा वेळी बँकेने मानायचे कोणाचे? २०२१ पासून ई-पीक पाहणीची नोंद शेतकऱ्याने स्वतः करायची आहे. ती मुदतीत करावी. लागण होताच कारखान्याच्या गट कार्यालयात ऊस नोंद द्यावी आणि तीच आकडेवारी गटसचिवाकडेही द्यावी. वाटण्या झाल्या असतील, पण उतारा वडिलांच्याच नावावर असेल, तर आधी फेरफार उरकून घ्यावा.

योग्य वेळ कोणती?

खरिपाचे कर्जवाटप १ एप्रिलपासून सुरू होते आणि कमाल मर्यादा पत्रकाची तयारी त्याआधी चालते. म्हणून जुलै-ऑगस्टच्या आडसालीसाठी फेब्रुवारी-मार्चमध्येच सोसायटीची पायरी चढावी. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरची असली, तरी विचारणा त्याच सुमारास करून ठेवलेली बरी. बँकेचे थेट कार्ड ५ वर्षांचे असले, तरी त्याचा वार्षिक आढावा होतो. वाढीचा अर्ज त्या वेळी द्यावा.

दुसरी वेळ पाहायची ती खात्याची. ऊस बिल जमा होऊन मागील कर्ज फिटले आहे, थकबाकी नाही, अशा स्थितीत केलेल्या मागणीला वजन असते. नातेवाइकाच्या ट्रॅक्टरला आपण जामीन असू आणि त्याचे हप्ते थकले असतील, तर तेही आपल्या पत अहवालात दिसते. हा अहवाल वर्षातून एकदा मोफत मिळतो. अर्जाआधी तो पाहून घ्यावा.

आडसालीवाल्यांनी विशेष लक्ष द्यावे

केंद्राच्या सवलतीने ३ लाखांपर्यंतचे पीककर्ज ७ टक्क्यांनी मिळते आणि वेळेत फेडल्यास आणखी ३ टक्के सूट मिळते. राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख योजनेचीही त्यात भर असते. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात ५ लाखांची घोषणा झाली होती. आपल्या खात्याला नेमके काय लागू आहे, ते शाखेत विचारावे.

पण केंद्राची ही सवलत उचल केल्यापासून जास्तीत जास्त एक वर्षाची आहे आणि आडसाली ऊस रानात उभा असतो १६ ते १८ महिने! ऑगस्टात काढलेल्या कर्जाचे वर्ष पुढच्या ऑगस्टात भरते, तर ऊस तुटतो त्यानंतरच्या हंगामात. मग चार दिवसांसाठी सावकाराचे पैसे आणून 'नवं-जुनं' केले जाते, आणि सवलतीत वाचलेले सावकाराच्या व्याजात जाते. म्हणून सगळे रान आडसालीखाली घालू नये. थोडा खोडवा किंवा सुरू ऊस मधल्या हंगामात तुटेल, असे नियोजन ठेवावे आणि त्या बिलातून खाते फेडावे. मर्यादा वाढल्यावर तर हे अधिकच जरुरीचे आहे, कारण फेडायची रक्कमही वाढलेली असते.

अर्जासोबत काय न्यावे?

सातबारा व आठ-अ, आधार व पासबुक, कारखान्याचा ऊस नोंदीचा दाखला, मागील तीन हंगामांची ऊस बिले आणि लागणीपासून मोठ्या बांधणीपर्यंतचा खर्चाचा साधा कागद. १ जानेवारी २०२५ पासून २ लाखांपर्यंतच्या शेती कर्जाला तारण लागत नाही. कारखान्याच्या बिलातून वसुलीची व्यवस्था असेल, तर ३ लाखांपर्यंत केवळ पिकाच्या नजरगहाणावर कर्ज देण्याची मुभा बँकांना आहे. तो विषय आपण स्वतः काढावा. अर्थात मग ऊस नोंदलेल्या कारखान्यालाच घालायला हवा. तो गुऱ्हाळाला गेला, तर वसुलीची साखळी तुटते आणि पुढच्या वर्षीची पतही जाते.

मागावे किती?

मिळेल तेवढे नव्हे, तर बिलातून फिटेल तेवढे. गेल्या तीन वर्षांतल्या सर्वांत कमी उताऱ्याच्या वर्षाचे बिल समोर ठेवा. त्यातून तोडणी-वाहतुकीखेरीजच्या कपाती आणि घरखर्च वजा करा. उरेल ती आपली खरी मर्यादा. ठिबक, पाइपलाइन, विहीर यांसाठी मुदत कर्ज वेगळे मागावे. दहा वर्षांचे काम एका हंगामाच्या कर्जावर करू नये.

मंजुरी मिळाली, म्हणून सगळी रक्कम एकदम उचलायचीही गरज नसते. रोख पत खात्यावर व्याज लागते ते उचललेल्या रकमेवर. लागण, बाळबांधणी, मोठी बांधणी अशा टप्प्यांनी उचल करावी.

तरी सर्व सभासदांनी येत्या फेब्रुवारीपूर्वी आपला सातबारा, कारखान्याची नोंद आणि सोसायटीचे पत्रक एकत्र ताडून पाहावे. फरक आढळल्यास आपल्या गटाच्या शेती मदतनिसास भेटावे. दाखला त्याच दिवशी देण्याची व्यवस्था केली आहे.

— ऊस विकास अधिकारी