वायफायची यादी: कोणाचा फोन आत, कोणाचा बाहेर



कार्यालयाच्या वायफायचा पासवर्ड एकाला सांगितला की दोन दिवसांत अख्ख्या गल्लीला पाठ होतो. काट्याचा हिशोब आणि सभासदांचे बँक खाते नंबर असलेला संगणकही त्याच वायफायवर चालतो. म्हणून आपण डिंडोलीच्या कार्यालयात यादी लावतोय. घरी, दुकानातही ती लावता येते.

एवढी काळजी कशाला? २६ जुलै २००८ ला अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना धमकीचा ईमेल गेला होता. माग काढत पोलीस पोहोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका फ्लॅटवर. ईमेल पाठवणारे भलतेच होते. त्यांनी फक्त तिथलं उघडं वायफाय वापरलं होतं. त्याच दिवसांत आपल्या सुरतेत न फुटलेले बॉम्ब सापडले, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. करणारा कोणीही असो, चौकशी येते ती वायफायवाल्याच्या दारात.

यादी म्हणजे काय?
प्रत्येक फोनला, संगणकाला वायफायसाठी १२ अक्षर-अंकांचा एक पत्ता असतो. त्याला मॅक ॲड्रेस म्हणतात. राउटरला सांगायचं, "या पत्त्यांनाच आत घे." बाकीच्यांकडे पासवर्ड असला तरी ते बाहेरच.

कशी लावायची?
१) राउटरच्या खालच्या पट्टीवरचा पत्ता ब्राउझरमध्ये टाकून लॉगिन करा. कंपनीने दिलेला लॉगिन पासवर्ड आधी बदला.
२) 'मॅक फिल्टर' किंवा 'ॲक्सेस कंट्रोल' शोधा. कंपनीप्रमाणे नाव बदलतं.
३) सगळ्यात आधी स्वतःच्या संगणकाचा पत्ता टाका. नाहीतर यादी चालू होताच तुम्हीच बाहेर पडाल!
४) मग इतरांचे पत्ते टाका, प्रत्येकापुढे नाव लिहा. 'अलाउ' निवडा आणि सेव्ह करा.

इथे बरेच जण अडतात: अँड्रॉइड १० पासूनचे बहुतेक फोन आणि आयओएस १४ पासूनचे आयफोन वायफायला खऱ्याऐवजी बनावट पत्ता दाखवतात. त्या वायफायच्या सेटिंगमध्ये जाऊन अँड्रॉइडवर 'फोन मॅक' किंवा 'डिव्हाइस मॅक' निवडा. आयफोनवर 'प्रायव्हेट वायफाय ॲड्रेस' बंद करा. हे फक्त आपल्या भरवशाच्या वायफायपुरतंच करा.

आणि एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. यादी म्हणजे कुलूप नव्हे. मॅक ॲड्रेस हवेतून उघडाच जातो. जाणकार माणूस तो पकडून आपल्या फोनला चिकटवू शकतो. खरं कुलूप म्हणजे डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ आणि लांब पासवर्ड. यादी ही दारावरची हजेरी: कोण आत आहे ते कळतं, आगंतुक कमी होतात.

पाहुण्यांसाठी राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर ते वेगळं चालू करा. नेट त्यांनाही मिळेल, हिशोबाचा संगणक बाजूला राहील.

फोन बदलला की नवा पत्ता कार्यालयात कळवा आणि जुना काढून घ्या. विकलेल्या फोनचं नाव यादीत राहता कामा नये.